नवा ब्राउझर लावताय? आधी या चुका टाळा

नवं व्हर्जन घातलं आणि फॉर्म सबमिट होईना, अंगठ्याचा ठसा लागेना, पावतीची खिडकी उघडेना, की दोष सरळ ब्राउझरवर जातो. मग नवं काढा, जुनं शोधा, तिसराच कुठला तरी डाउनलोड करा, अशी पळापळ सुरू होते. बाहेर गिऱ्हाईक आधार कार्ड हातात घेऊन उभं, आणि पीक विम्याची नाहीतर परीक्षा फॉर्मची तारीख त्याच दिवशी संपणारी. लातूरचं ऑनलाइन सेंटर असो की हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावातलं सेतू केंद्र, चित्र फारसं वेगळं नसतं. गंमत म्हणजे यातले बरेचसे बिघाड नव्या ब्राउझरचे नसतातच. पण जुनं काढून टाकलं असेल आणि एकाच दमात चार गोष्टी बदलल्या असतील, तर खरं कारण सापडणार कसं?

चालू ब्राउझरवरच बीटा चढवणं

क्रोमचे चार प्रवाह आहेत: रोजच्या वापराचं स्टेबल, आणि चाचणीची बीटा, डेव्ह आणि कॅनरी. विंडोजवर हे चारही शेजारी शेजारी राहतात. प्रत्येकाचा आयकॉन वेगळा, डेटाचा फोल्डर वेगळा. त्यामुळे बीटा पाहायचं तर स्टेबलला हात लावायची काही गरज नाही. कॅनरी रोजच्या रोज बदलतं आणि कधीही मोडू शकतं, ते कामाच्या मशीनवर नकोच. फायरफॉक्सचं डेव्हलपर एडिशन आणि नाइटली आपापलं वेगळं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्जचा साठा) धरून चालतात. फायरफॉक्सचं बीटा घेताना मात्र इन्स्टॉलमध्ये 'कस्टम' निवडून फोल्डर वेगळा द्या.

वेगळं का ठेवायचं? एकदा नव्या व्हर्जननं प्रोफाइल उघडलं की आतल्या फाइलींची मांडणी बदलू शकते, आणि जुनं व्हर्जन ती वाचायला नकार देतं. फायरफॉक्स ६७ पासून तर जुन्या व्हर्जननं नवं प्रोफाइल उघडायला गेलात की तो सरळ अडवतो आणि नवं प्रोफाइल बनवायला सांगतो. बुकमार्क गेले, पासवर्ड गेले अशी ओरड तिथे होते. ते गेलेले नसतात, जुन्या प्रोफाइलमध्ये पडून असतात, पण ऐन गर्दीत ते शोधत कोण बसणार?

चाचणीच्या ब्राउझरमध्ये नेहमीच्या खात्यानं साइन इन करून सिंक चालू करणं ही याच चुकीची धाकटी बहीण. तिथे गंमत म्हणून टाकलेली एक्स्टेन्शनं (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आणि दुबार झालेले बुकमार्क मुख्य ब्राउझरमध्येही येऊन बसतात. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं.

घड्याळ न बघणं

'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं लाल चिन्ह सगळ्याच साइटवर यायला लागलं तर आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. आपल्याकडे लाइट जाण्याला तोटा नाही. डेस्कटॉपचा पुरवठा पूर्ण बंद असताना घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलवर. तो उतरला की मशीन सुरू होताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. मशीनच्या हिशेबानं ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर साइट अडवतो. त्याच सकाळी योगायोगानं अपडेट आलेलं असलं, की बिल अपडेटच्या नावावर फाटतं.

उपाय: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम, तिथे 'सिंक नाऊ'. टाइमझोन कोलकाता, अधिक साडेपाच तास, हेही तपासा. दुसऱ्या दिवशी तारीख परत मागे गेली तर सेल बदला. किरकोळ किमतीची वस्तू आहे. पॉवर कॉर्ड काढून, जुना सेल कुठल्या बाजूनं वर होता ते बघून नवा तसाच बसवायचा. 'ॲडव्हान्स्ड' दाबून 'प्रोसीड' करत राहायची सवय मात्र लावू नका. खोटी साइट आली तर त्याच सवयीनं तिथेही पुढे जाल.

ठसा लागत नाही म्हणून ब्राउझर बदलणं

सेवा केंद्रात सर्वात जास्त वेळ इथे जातो. अंगठ्याचं मशीन ब्राउझरशी थेट बोलत नाही. मधे आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्रॅम असतो. तो तुमच्याच संगणकावर ११,१०० ते ११,१२० या पोर्टपैकी (प्रोग्रॅमनी आपसात बोलायच्या, नंबर दिलेल्या दारांपैकी) एकावर कान लावून बसतो, आणि फॉर्मचं पान ते पोर्ट एकेक करून चाचपतं. डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, टोकनसाठी लागणारी सही करायची सॉफ्टवेअरंही साधारण याच पद्धतीनं चालतात.

क्रोम १४२ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पासून, वेबसाइटला तुमच्या संगणकावरच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या सेवेशी असं बोलायचं असेल तर आधी परवानगी मागावी लागते. डाव्या कोपऱ्यात वर एक छोटी चौकट येते: 'लुक फॉर अँड कनेक्ट टू एनी डिव्हाइस ऑन युअर लोकल नेटवर्क'. वाचून माणूस बिचकतो आणि 'ब्लॉक' दाबतो. त्यानंतर चौकट पुन्हा येत नाही आणि पान म्हणत राहतं, डिव्हाइस नॉट फाउंड. मग केबल बदला, यूएसबी पोर्ट बदला, ड्रायव्हर पुन्हा टाका, असं दुपारपर्यंत चालतं.

करायचं ते असं. वरच्या पट्टीत साइटच्या पत्त्याच्या डावीकडचं छोटं चिन्ह दाबा, 'साइट सेटिंग्ज' उघडा. 'लोकल नेटवर्क' किंवा 'ॲप्स ऑन डिव्हाइस' अशा नावाची ओळ शोधून 'अलाऊ' करा आणि पान रीलोड करा. परवानगी फक्त ओळखीच्या, पत्ता नीट तपासलेल्या साइटलाच द्या. सिनेमा डाउनलोडच्या साइटनं तीच चौकट दाखवली तर ब्लॉकच बरं.

तरीही जमलं नाही तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन आरडी सर्व्हिस 'रनिंग' आहे का बघा. लाइट जाऊन आल्यावर ती कधी कधी आपोआप उठत नाही. फायरफॉक्समध्ये आणखी एक भानगड असते: तो स्वतःची प्रमाणपत्रांची यादी वेगळी ठेवतो. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सर्टिफिकेट्स इथे 'तुम्ही इन्स्टॉल केलेल्या रूट सर्टिफिकेटवर आपोआप विश्वास ठेव' या अर्थाचा पर्याय असतो, त्याला टिक असू द्या. हे सगळं पाहून झाल्यावरच ब्राउझरला दोष द्या.

पाच ब्राउझर तपासले, इंजिन एकच

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे ब्लिंक या एकाच इंजिनवर (पान पडद्यावर मांडणाऱ्या भागावर) चालतात. एज २०२० च्या जानेवारीत क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमिअमवर आला. म्हणून क्रोममध्ये पान फाटकं दिसतं आणि एजमध्येही तसंच दिसतं, यावरून 'साइटच बंद आहे' असा निकाल देता येत नाही. तिसरा कौल गेको इंजिनच्या फायरफॉक्सचा घ्या. विंडोजवर तुलना करायची तर क्रोम किंवा एजपैकी एक आणि फायरफॉक्स, एवढी जोडी पुरे. बाकीच्यांत फरक असतो तो जाहिराती अडवण्याचा, खात्यांचा, सोयींचा.

उलटही उपयोगी पडतं. एजमध्ये चालतं आणि क्रोममध्ये चालत नाही, याचा अर्थ इंजिन बहुतेक ठीक आहे. गुन्हेगार एखादं एक्स्टेन्शन, अडवलेली कुकी (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) किंवा नाकारलेली परवानगी असणार.

जुनी एखादी साइट इंटरनेट एक्स्प्लोररच मागत असेल तर जुन्या मशीनवरून तो उकरून काढू नका. आयई ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. एजमध्ये सेटिंग्ज, डिफॉल्ट ब्राउझर इथे जाऊन साइट आयई मोडमध्ये रीलोड करायची परवानगी द्या आणि एज पुन्हा सुरू करा. तिथल्या आयई मोडच्या यादीत टाकलेलं पान ३० दिवसच तसं उघडतं, मग पुन्हा टाकावं लागतं. महिन्यानं 'काल चालत होतं, आज चालेना' असं झालं, तर कारण हेच.

एक्स्टेन्शन, पॉप-अप आणि कुकी

नवं व्हर्जन आल्यावर जाहिराती पुन्हा दिसायला लागल्या, अशी तक्रार बरेच जण करतात. क्रोमनं एक्स्टेन्शनचा जुना साचा, मॅनिफेस्ट व्ही२, २०२५ मध्ये पूर्ण बंद केला. त्यामुळे जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन तिथे चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सनं जुना साचा चालू ठेवलाय. जाहिराती अडवणं हीच मुख्य गरज असेल तर इथे फायरफॉक्स उजवा, यात शंका नाही.

पैसे भरून झाले आणि पावती आली नाही, तर दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी पत्त्याच्या उजव्या टोकाला पॉप-अप अडवल्याची खूण आहे का ते बघा. पेमेंटहून परतताना लॉगिन उडालं तर ब्रेव्हचं सिंहाचं चिन्ह किंवा फायरफॉक्सची ढाल दाबून त्या एका साइटपुरतं संरक्षण खाली करा. आणि इन्कॉग्निटोमध्ये तपासून 'नवीन व्हर्जन खराब' असं ठरवू नका. क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये थर्ड-पार्टी (उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्या साइटच्या) कुकी मुळातच बंद असतात, एक्स्टेन्शनंही बंद असतात. ती परिस्थितीच वेगळी.

कंट्रोल-शिफ्ट-डिलीट

काही अडलं की सगळी हिस्ट्री, 'ऑल टाइम', सगळ्या चौकटींना टिक, क्लिअर! पासवर्डच्या चौकटीलाही टिक होती हे नंतर कळतं. बिघाड एका साइटचा असेल तर त्या एकाच साइटचा डेटा काढा. पत्त्याजवळचं चिन्ह, 'कुकीज अँड साइट डेटा', 'मॅनेज', डिलीट. त्याही आधी नुसतं कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून बघा. पानाची जुनी प्रत बाजूला सारून नवी येते, आणि बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

पासवर्ड दुसऱ्या ब्राउझरमध्ये न्यायचे तर सीएसव्ही फाइल निघते. ती नोटपॅडमध्ये उघडून कोणीही वाचू शकतं. काम झाल्यावर शिफ्ट-डिलीटनं काढा, डेस्कटॉपवर पडू देऊ नका. क्रोमचा 'युजर डेटा' फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला म्हणजे पासवर्डचाही बॅकअप झाला असं समजू नका. ते त्या विंडोज खात्याला बांधलेले असतात, दुसऱ्या मशीनवर उघडत नाहीत. फायरफॉक्सचं प्रोफाइल मात्र पासवर्डसकट जातं. ही सोय आहे तशीच जोखीमही.

वेग कशानं मोजायचा

स्पीडोमीटर ३ ही चाचणी मार्च २०२४ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी मिळून काढली. ती चांगली आहे. पण एका ब्राउझरमध्ये बारा एक्स्टेन्शनं, दुसरा कोरा, आणि लॅपटॉप बॅटरीवर, अशी चाचणी घेतली तर आकड्याला काही अर्थ उरत नाही. चार्जर लावा, बाकी सगळं बंद करा, दोन्हीकडे कोरं प्रोफाइल घ्या, तीनदा चालवून मधला आकडा धरा.

तरी आमच्या मते सेंटरसाठी आकडा दुय्यमच. रोजच्या कामांची यादी कागदावर लिहा: ओटीपीनं लॉगिन, फोटो-सही अपलोड, मराठी टायपिंग, पेमेंट, पावती, ठसा, प्रिंट. ती जोडीतल्या दोन्ही ब्राउझरवर, शांत दिवशी, एकाच नेटवर करून बघा. चाचणी मोबाइल हॉटस्पॉटवर आणि रोजचं काम ब्रॉडबँडवर, असं नको.

प्रिंटमध्ये हमखास एक फसगत होते. नव्या ब्राउझरमध्ये पहिल्या प्रिंटला कागद 'लेटर' निवडलेला असतो आणि सातबाऱ्याची खालची ओळ कापली जाते. ए४ करा, 'हेडर्स अँड फूटर्स'ची टिक काढा. डिजिटल सहीवर प्रश्नचिन्ह दिसलं तरी ब्राउझर बदलून उपयोग नाही. क्रोम सही तपासतच नाही. पीडीएफ अडोबी रीडरमध्ये उघडून तिथे पडताळायची.

रॅम बघताना टास्क मॅनेजरमधल्या क्रोमच्या वीस ओळी बघून घाबरू नका. २०१८ पासून क्रोम प्रत्येक साइटला वेगळ्या प्रक्रियेत ठेवतो. सुरक्षेसाठी मोजलेली ही किंमत आहे. ब्राउझरमध्येच शिफ्ट-एस्केप दाबलं की कोणता टॅब किती खातोय ते दिसतं. स्क्रीन पांढरी पडत असेल किंवा लुकलुकत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिममधून ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघा. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

विंडोज ७ वर नव्याचा हट्ट

विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोम आणि एज दोन्ही १०९ वर थांबले. क्रोम ११० फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, त्याला किमान विंडोज १० लागतं. या मशीनवर 'लेटेस्ट क्रोम' म्हणून कुठूनही मिळणारी फाइल टाकू नका. फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घ सपोर्टची) ११५ ही तिथली शेवटची शाखा. बँकेचं, डीएससीचं काम अशा मशीनवरून काढून घ्या, झेरॉक्स-टायपिंगला ते राहू द्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण त्याच्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर एजला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देण्याचं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय, म्हणून तेवढ्यासाठी घाईनं नवं मशीन घ्यायला नको.

'तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे दाबा' असं एखादं वेबपान सांगत असेल तर तो टॅब बंद करा. क्रोममध्ये खरं अपडेट तीन टिंबं, हेल्प, अबाउट इथेच मिळतं. तिथे 'रीलाँच' दाबण्याआधी अर्धवट भरलेला फॉर्म ड्राफ्ट म्हणून सेव्ह करा. टॅब परत येतात, भरलेली माहिती येईलच असं नाही. नेट मंद असेल तर कंपनीच्या साइटवरचा पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. छोटा इन्स्टॉलर चालवल्यावर बाकीची फाइल नेटवरूनच ओढतो, आणि मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.