टेबल सॉ: आधी पात्याचे दाते मोजा

टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या मशीन करवतीवर, फणसाची फळी चिरताना जळून काळी पडते, प्लायची कड उचकटते. बहुतेक वेळा पातंच चुकलेलं असतं. दहा इंची पात्यासाठी:

१. लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभं चिरायला २४ दाते. गोव्याच्या पावसात ओल धरलेल्या फळीला तर हेच. दाट दात्यांत ओला भुसा अडकतो, पातं तापतं.
२. प्लाय किंवा रेषांना आडवा काप: ६० ते ८०. प्लायची चांगली बाजू वर.
३. एकच परवडत असेल तर ४० दात्यांचं, कार्बाइडच्या कठीण टोकांचं. माझं त्यावरच भागतं.

घेताना मधल्या भोकाचं माप जुळवा. पात्यावर छापलेला आरपीएम (मिनिटाला जास्तीत जास्त फेरे) मशीनपेक्षा कमी नको. आणि पातं बदलताना प्लगच काढा, नुसता स्विच बंद करून हात घालू नका.