बंद खदानीचं पाणी वापरायच्या आधी कसं तपासायचं

चंद्रपूर, वणी, उमरेडकडे कोळशाची खदान बंद झाली की उपसा थांबतो, काही पावसाळ्यांत पाणी भरतं, वरून निळंशार दिसतं आणि मग कोणीतरी मोटर टाकायची भाषा करतंच. आधी टेस्ट करा.

खदान चालू असताना कोळशातलं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक, हवेला उघडं पडतं, त्याचे क्षार दगडावर बसून राहतात आणि पाणी चढलं की सगळे एकदम विरघळतात. म्हणून लोह आणि सल्फेट (गंधकाचा क्षार) सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यात जास्त. ब्रिटनच्या खाणींवरून ढोबळ हिशोब असा की भरायला जितकी वर्षं लागली त्याच्या साधारण चौपट काळ हा जोर ओसरायला लागतो, त्यामुळे एका रिपोर्टवर विसंबू नका, दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये करा.

काठावरचं सॅम्पल कामाचं नाही, वर पावसाचं हलकं पाणी असतं आणि क्षाराचं जड पाणी खाली. बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी, खोल गेली की बूच ओढायचं. एकट्याने जाऊ नका, काठ ढासळतात, आणि जुन्या भुयारात तर पाऊलच टाकू नका, आत पुरेसा ऑक्सिजन नसू शकतो.

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून गळ्यापर्यंत भरा, हवा ठेवू नका. पीएच (आम्लपणा) आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज) तिथेच मीटरने मोजा, कारण खोलातलं लोह विरघळलेलं, बिनरंगी असतं, हवा लागली की तांबूस गाळ होऊन बसतं आणि बसताना पीएच उतरवू शकतं. बघायचं असेल तर एक बाटली अर्धी भरून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा, सकाळी तळाला दिसेल. धातूंसाठी अॅसिड घातलेली वेगळी बाटली लॅबकडूनच मागून घ्या आणि सगळं बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लॅब आहेत.

पीएच, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार), कडकपणा, अल्कलिनिटी (आम्ल मारायची ताकद), लोह, मँगनीज, सल्फेट, एवढं सगळं करून घ्या. पीएच सात आला म्हणून खूश होऊ नका, चुनखडीसारखे खनिज आम्ल मारतात पण सल्फेट तसंच राहतं. पिण्यासाठी भारतीय मानकात सल्फेट २०० मिलिग्रॅम लिटरला, दुसरा स्रोतच नसेल तर ४००, लोह १. जास्त सल्फेटने जुलाब होतात, लहान लेकरांना आधी, आणि तुरटीने किंवा उकळून ते जात नाही, उकळलं तर उलट दाट होतं. वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) नागपूरजवळ पाटणसावंगीला खाणीचं पाणी बाटलीत भरून विकलंय, पण ते प्लांटमधून शुद्ध करून, थेट मोटरने उपसून नाही.