दुबईत उतरलाय? आधी व्हिसा वाचा, रील नंतर टाका

कोल्हापूरकर भावांनो, विमानतळावरून घरी फोन झाला की पहिलं काम म्हणजे व्हिसाचा कागद उघडून तो कसला आहे ते वाचा. त्यावर 'व्हिजिट' किंवा 'टुरिस्ट' असेल तर तुम्हाला इथं काम करायची परवानगी नाही. "महिन्याभरात कामाच्या व्हिसात कन्व्हर्ट होतो," असं एजंट म्हणाला असेल. होतो कधी कधी. पण तोवर कामावर सापडलात तर तुम्हीच बेकायदेशीर ठरता, आणि मुदत उलटली की रोज 50 दिरहॅम दंड चढतो.

शिरोलीच्या फौंड्रीतून, कागलच्या सीएनसीवरून येणारी पोरं हल्ली रील बघून निघतात. पूर्वी गल्लीतला कुणी सुट्टीवर आला की कट्ट्यावर त्याला घेरायचो. पगार किती, कटतो किती, खोलीत माणसं किती, सगळं निघायचं. रीलला उलटा प्रश्न विचारता येत नाही. कमेंटमध्ये विचारलं की उत्तर 'डीएम करा', आणि डीएममध्ये एजंट बसलेला. शिवाय असला एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की फोन तसलेच आणखी पुढं ढकलतो. मग वाटतं, सगळं गाव निघालंय आणि आपणच मागं राहिलोय. बुर्ज खलिफाखाली उभं राहायला पैसे पडत नाहीत, मागची गाडी कुणाचीही असते. पगार अडकलेला माणूसही तिथंच हसत उभा राहतो, कारण गावाकडं उसने देणारे बघत असतात.

आता कागदांचं. खऱ्या नोकरीत ऑफर लेटर इथल्या कामगार मंत्रालयाच्या नोंदीत असतं, त्यांच्या ॲपवर तपासता येतं. कामाचा व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र) हा खर्च मालकाचा. इथल्या 2021 च्या कामगार कायद्यानं भरतीचा पैसा कामगाराकडून घेता येत नाही. पासपोर्ट ठेवून घ्यायचा अधिकारही मालकाला नाही. भारतातल्या परवानाधारक एजंटाला जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि परवाना आहे का ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. दोन-अडीच लाख मागणारा बहुतेकदा तिथं नसतोच. दहावी न झालेल्यांनी तर एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी परदेशी जायची भारत सरकारची परवानगी) चुकवून व्हिजिटवर येऊच नये. ती अट त्यांच्याच रक्षणासाठी आहे, आणि एजंटाला नेमकी तीच नको असते.

इथं आल्यावर दुसरी लाट येते, ती जास्त वाईट. कामाला कंटाळलेल्या पोराच्या फोनवर 'दुबईहून थेट अमेरिका', 'थायलंडला डेटा एंट्री' असलं काहीतरी उगवतं. डिसेंबर 2023 मध्ये फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर 303 प्रवाशांचं विमान अडवलं होतं, आठवतंय? बहुतेक भारतीय, मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला निघालेले, तिथून चोरवाटेनं अमेरिकेत जायचा बेत असल्याचा संशय, आणि विमान उडालं होतं इथल्याच फुजैराहून. त्यातले 276 जण मुंबईला परत पाठवले. थायलंडच्या नावाखाली गेलेले कितीतरी जण म्यानमारच्या मायावड्डीत ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडले गेले. यूट्यूबवरचं बघून 'हेल्पर' म्हणून रशियाला गेलेली काही पोरं युद्धावर पोचली. 2024 मध्ये सीबीआयनं त्या जाळ्यावर गुन्हा दाखल केला. असला मेसेज आला तर निदान एखाद्या जुन्या माणसाला दाखवा. रागावेल, पण वाचवेल.

पगार किंवा पासपोर्ट अडला तर इथल्या भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा टोल-फ्री नंबर 800 46342. हिंदीत बोललं तरी चालतं.

आणि तुमची स्वतःची रील. टाका की, नाद भागवा. पण खाली "कसं यायचं भावा?" असं कुणी विचारलं तर एजंटाचा नंबर चिकटवू नका. माणूस आणून दिला की कमिशन देतो म्हणून एजंट मागं लागतील. त्या पैशाला हात लावू नका. विचारणाऱ्याला मूळ पगार, बेड स्पेसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आणि हातात उरतात ते पैसे व्हॉइस नोटवर सांगा. मग त्याच्या एजंटाचं नाव विचारा आणि ई-मायग्रेटवर बघून त्याला कळवा.