फोटो सरळ, चौकटी भलतीकडे

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका छोट्या कंपनीत डेटा इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा एसक्यूएल आणि थोडं पायथॉन, एवढीच शिदोरी. पहिलं काम गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याचं. कास्टिंगचे (ओतीव भागांचे) फोटो, सुपरवायझरच्या व्हॉइस नोट, मशीनचे व्हिडिओ रोज गोळा करायचे. टेबलात ओळी भरतो तशा फाइली भरायच्या, त्यात काय एवढं!

महिन्याभरात तोंडघशी पडलो. मॉडेलला दोष ओळखायला शिकवायचं म्हणून फोटोतल्या ब्लोहोलभोवती, म्हणजे कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळीभोवती, आम्ही ब्राउझरमध्ये चौकटी आखल्या होत्या. मॉडेलच्या ट्रेनिंगच्या वेळी त्या भलत्याच जागी. दोन दिवस मी कोडच चाळत बसलो. शेवटी शेजारचा सिनियर म्हणाला, "फाईल उघडून बघितलीस काय रं? एक्झिफ वाच की आधी." एक्झिफ म्हणजे फोटोच्या फाइलीतच दडलेली माहिती. तिथं लिहिलेलं, ओरिएंटेशन ६! फोन उभा धरला तरी पिक्सेल आडवेच साठतात. 'दाखवताना ९० अंश फिरवा' एवढी चिठ्ठी सोबत असते. ब्राउझर ती पाळतो, पायथॉनमधली पिलो ही फोटो हाताळणारी लायब्ररी आपणहून पाळत नाही. एक्झिफ ट्रान्सपोजची एक ओळ घातली आणि चौकटी जागेवर आल्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही चिठ्ठीच उडते, वर फोटो दाबला जातो तो वेगळाच. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ऐकतील याची खात्री नाही.

एक्स्टेंशनवर विश्वास ठेवू नका. जेपीजी नावाची फाईल आतून हाइक (एचईआयसी, आयफोनचा फोटो फॉरमॅट) निघते. फाइलीचे पहिले काही बाइट तपासा, खरा प्रकार तिथं कळतो.

ऑडिओचं सोपं: बोलणं मजकुरात उतरवायचं तर १६ किलोहर्ट्झ, मोनो पुरतं. १६ बिटमध्ये तासाला साधारण ११५ एमबी. मूळ फाईल मात्र कधीच पुसायची नाही.

व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबानं तासाला ९०,००० चित्रं होतात. सेकंदाला एक घेतलं तर ३,६००. सुरुवात तिथूनच करा. खरा ताप अर्धवट अपलोडचा. कुठली फ्रेम कुठं आहे याची यादी, म्हणजे मूव्ह ॲटम, फोन बहुधा फाइलीच्या शेवटी लिहितो. नेट मधेच गेलं की ही यादीच येत नाही, आणि २०० एमबी येऊनही एक सेकंदाचं चित्र दिसत नाही. म्हणून फाईल आल्या आल्या एफएफप्रोब, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ फाईल तपासणारं टूल, चालवायचा; नापास झालेली वेगळ्या फोल्डरात, बाकीचं काम चालू.

सरावाला फाउंड्री कशाला? रंकाळ्यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, त्याची कॉपी करून त्या कॉपीचं शेपूट (शेवटचे बाइट) छाटा आणि एफएफप्रोब काय म्हणतो ते बघा.