ड्रॅग रेससाठी मागच्या टायरची हवा खडूने ठरवा

जुन्या मसल कारमध्ये (मोठ्या इंजिनाच्या दमदार गाडीत) ताकद भरपूर, पण ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीत, हिरवा दिवा लागला की मागची चाकं जागीच फिरतात. इंजिनाला हात लावण्याआधी हवा बघा. खर्च एका खडूचा.

१. मागच्या दोन्ही टायरवर या काठापासून त्या काठापर्यंत खडूची जाड आडवी रेघ ओढा.
२. सपाट, कोरड्या जागी गाडी सरळ रेषेत थोडी पुढे न्या आणि उतरून रेघ बघा. फक्त मधली पुसली गेली तर हवा जास्त आहे. २ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी करा. कडा पुसल्या आणि मधला खडू तसाच राहिला, तर तेवढीच वाढवा.
३. रेघ सगळीकडे सारखी पुसली जाईपर्यंत हेच करा. तो आकडा लिहून ठेवा.

मग ट्रॅकवर टाइम स्लिपमधला, म्हणजे धावेनंतर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीतला, पहिल्या ६० फुटांचा वेळ बघत हवा एकेक पीएसआयने कमी-जास्त करा. पाव मैलाच्या एकूण वेळेकडे आत्ता लक्ष नको, त्यात गिअर बदलण्यातल्या चुकाही मिसळलेल्या असतात. हवा मोजायची ती दर वेळी टायर सारखेच गार असताना, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

नक्षीचे रस्त्यावरचे टायर असतील तर बर्नआउटच्या (शर्यतीआधी टायर जागीच फिरवून तापवण्याच्या) पाण्यातून जाऊ नका, बाजूने वळसा घाला. खाचांत अडकलेलं पाणी थेट स्टार्ट लाइनवर गळतं आणि मागचे लोक वैतागतात, ते वेगळंच.

आणि घरी निघण्याआधी हवा पूर्ववत भरा. कमी हवेवर हायवेच्या वेगाने गेलात तर टायर तापून फुटू शकतो.