पाळणाघराचा ओपन डे कसा ठेवायचा: पालकांना काय दाखवायचं, काय सांगायचं

पाळणाघर बघायला येणाऱ्या आईबाबांच्या डोक्यात खरं तर एकच प्रश्न असतो, आपण ऑफिसला गेल्यावर बाळ रडायला लागलं तर त्याला उचलून कोण घेणार. फुगे, फ्लेक्स, सेल्फी पॉइंट ह्यातलं काहीच त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्यामुळे ओपन डे म्हणजे गॅदरिंग नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, तुमचा रोजचा साधा दिवस लोकांना आत येऊन बघू द्यायचा, बस एवढंच करायचंय आणि ते नीट करायचंय.

तारीख आणि वेळ

प्लेग्रुप-नर्सरीवाले पालक दिवाळीनंतर शोधायला लागतात कारण शाळा जूनमध्ये सुरू होते. तान्ह्या बाळांचं मात्र तसं नसतं, मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते, म्हणजे बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की घरात पाळणाघराचा विषय निघतोच आणि ते वर्षभर चालू असतं. म्हणून मला वाटतं वर्षातून एक मोठा ओपन डे जानेवारी-फेब्रुवारीत आणि एक छोटा पावसाळ्यानंतर ठेवावा.

वार शनिवार, सकाळी दहा ते साडेबारा. आयटीवाल्यांना सुट्टी असते, दुसरा किंवा चौथा शनिवार घेतला तर बँकवालेही मोकळे असतात, आणि काही पालकांची शनिवारी ड्युटी असते त्यामुळे तुमच्याकडे थोडी मुलंही असतात. रविवारी ठेवू नका, रिकामं पाळणाघर बघून कुणालाही काही कळत नाही. आणि साडेबाराच्या पुढे अजिबात खेचू नका, मुलांची जेवणं आणि झोपा मोडल्या की तीच मुलं चिडचिड करणार आणि त्यांचा काही दोष नसणार.

जानेवारीत ठेवत असाल तर बोरन्हाण जोडता येतं, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं आणि त्या निमित्ताने आज्या हमखास येतात. फक्त एक काळजी घ्या. बोरं, शेंगदाणे, हरभरे, हलवा, उसाचे करवे, हल्लीच्या त्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या हे सगळं लहान मुलांच्या घशात अडकू शकतं, एक-दोन वर्षांची मुलं खाली पडलेलं पहिलं तोंडात घालतात. फुलांच्या पाकळ्या आणि बंद पुडीतली बिस्किटं वापरा, बोरं फक्त ओवाळायच्या ताटात ठेवा.

बोलवायचं कुणाला

सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच, पण तिथे टाकायच्या आधी सेक्रेटरींना विचारून घ्या. त्याहून चांगली जागा म्हणजे मुलांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमधली वेटिंग रूम, लसीकरणाला येणाऱ्या आया तिथेच बसलेल्या असतात. कार्ड मराठीत करा, आणि हिंजवडी, खराडी, खारघर अशा भागात असाल तर हिंदी-इंग्रजीतही करा. जवळपासच्या कंपन्यांच्या एचआरलाही बोलवा. ज्या संस्थेत ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाऊ द्यावं लागतं हे त्याच २०१७ च्या दुरुस्तीने आलं, आणि सगळ्यांनाच स्वतःचं पाळणाघर काढणं जमत नाही.

सगळ्यांना एकदम बोलवू नका, अर्ध्या तासाला चार-पाच कुटुंबं एवढेच स्लॉट द्या. गुगल फॉर्म किंवा साधा फोन चालेल, पण बाळाचं वय आणि किती ते किती ठेवायचंय हे दोन्ही आधीच विचारून ठेवा. आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला काय सांगायचं आणि तीन वर्षांच्या मुलाच्या बाबांना काय ते पूर्ण वेगळं असतं.

आधीच्या आठवड्यातली कामं

आत्ता असलेल्या मुलांच्या पालकांना लेखी कळवा की त्या दिवशी बाहेरची माणसं येणार आहेत, ज्यांना नको असेल त्यांच्या मुलांना त्या वेळात आतल्या खोलीत ठेवा. फोटोबंदी पक्की ठेवा. दारावर पाटी लावा आणि तोंडानेही सांगा की मुलांचे फोटो, व्हिडिओ काढायचे नाहीत. कुणाला राग येत नाही उलट बरं वाटतं, कारण उद्या त्यांचं मूलही इथे असणार असतं.

मग जमिनीवर बसून, अगदी रांगत, सगळं पाळणाघर एकदा बघून घ्या. उघडे सॉकेट, लोंबणाऱ्या वायरी, हाताला येणारं फिनेल, खिडकीच्या ग्रिलमधली मोठी फट. बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली किंवा टब कधीच ठेवू नका, चालायला लागलेल्या मुलाला वीतभर पाणीसुद्धा जीवघेणं होतं. आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख बघा. मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन, डॉक्टरांचे नंबर, मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि इमर्जन्सीचा ११२ हे एका फाइलला आणि भिंतीवर हवेत.

नवी खेळणी विकत आणायची काहीच गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, शिंपले, माती असल्या आजूबाजूच्या वस्तूंमधून बालशिक्षण उभं केलं, आपल्याकडे स्टीलच्या वाट्या, झाकणं, ओढण्या आणि पुठ्ठ्याचे खोके असले तरी मुलं तासभर रमतात. रोज वापरातली थोडी झिजलेली खेळणी धुऊन ठेवा.

त्या दिवशी फिरवायचं कसं

गेटवर एक माणूस फक्त गेटसाठी, त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. आलेल्या प्रत्येकाचं नाव, फोन, वेळ वहीत लिहायची. गर्दीच्या वेळीच कुणीतरी मूल घेऊन बाहेर पडायची भीती असते, म्हणून त्या दिवशी पिक-अप फक्त पालकांनी आधी लिहून दिलेल्या माणसाकडेच, रोज येणारे ओळखीचे आजोबा असले तरी सही घ्या. आणि पाहुण्यांबरोबर आलेली मुलं पूर्णवेळ त्यांच्या आईबाबांकडे राहतील हे दारातच सांगून टाका.

आधी चपला काढून हात धुवायला लावा. मग पहिलं बाथरूम दाखवा, त्यानंतर स्वयंपाकघर, मग झोपायची खोली आणि सगळ्यात शेवटी खेळायची खोली. उलटं केलंत तर मुलं खेळायच्या खोलीतून निघत नाहीत, आई तिथेच अडकते आणि डायपर कुठे बदलतात, डबा कुठे गरम करतात, दुपटी वेगळी असतात का हे बघायचं राहूनच जातं. झोपेच्या खोलीत हे नक्की सांगा की एक वर्षाच्या आतल्या बाळाला आपण पाठीवरच झोपवतो, उशी आणि जाड गोधडी देत नाही. आज्यांना हे पटायला वेळ लागतो, त्यांच्याशी वाद न घालता कारण समजावून सांगा, पालथं झोपलेल्या तान्ह्या बाळाचा श्वास कोंडायचा धोका असतो.

आज्या-आजोबांसाठी खुर्च्या ठेवाच. बऱ्याच घरांत पाळणाघर ठरवताना शेवटचा होकार आजीचा असतो, तिला आपलं नातवंड परक्या हातात द्यायचं मनातून जड जात असतं आणि स्वतःच्याने दिवसभर होत नाही हेही तिला कळत असतं. तिच्याशी मावशींनाच बोलू द्या. मला ह्या सगळ्या दिवसातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, मालकीणबाईंनी सगळं बोलायचं आणि मावशींनी कोपऱ्यात उभं राहायचं असं करू नका, मूल दिवसभर मावशींकडे असणार आहे तर पालकांनी त्यांचा आवाज ऐकायला हवा, त्या बाळाला कशा घेतात ते बघायला हवं. आणि त्यांना ह्या जास्तीच्या कामाचे पैसे वेगळे द्या.

अवघड प्रश्नांची तयारी

किती मुलांमागे किती माणसं, हे आजचा खरा आकडा सांगा आणि एखादी मावशी रजेवर गेली तर काय करता तेही सांगा. ताप आला तर ताबडतोब फोन करणार आणि औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच परत घेणार, पावसाळ्यात हात-पाय-तोंडाला फोड येण्याची साथ असते तेव्हा थोडे दिवस घरीच ठेवावं लागेल, हे गोड लागणार नाही तरी आधीच बोलून घ्या. मुलं एकमेकांना चावतात, हो चावतात, तेव्हा आपण काय करतो ते सांगा. सीसीटीव्हीबद्दल विचारणारच, त्याचं रेकॉर्डिंग कोण बघतं आणि किती दिवस राहतं हे स्पष्ट असू द्या, सगळ्यांना लाइव्ह लिंक दिली की प्रत्येकाला दुसऱ्यांचीही मुलं दिसत राहतात हा मुद्दा पालकांना सांगितला तर बहुतेकांना पटतो.

फीचा कागद छापून हातात द्या. हाफ डे, फुल डे, डिपॉझिट, घ्यायला उशीर झाला तर काय, दिवाळीच्या सुट्ट्या, मे महिन्यात मूल गावाला गेलं तर फी भरायची का, सगळं एकाच कागदावर. आज ॲडमिशन घेतली तर सूट असलं काही ठेवू नका. मूल कुठे ठेवायचं हा निर्णय घरी जाऊन, रात्री निवांत बोलून घ्यायचा असतो.

नंतर

दोन-तीन दिवसांनी एक फोन करा, एकच. ज्यांचं ठरलं त्यांना पहिले चार-पाच दिवस आईबाबांपैकी एकाबरोबर तासभर बोलवा, मग तासभर एकटं, मग जेवणापर्यंत, असं हळूहळू वाढवत न्या, म्हणजे रजा संपायच्या निदान पंधरा दिवस आधी सुरुवात करायला सांगावी लागेल. जागा भरल्या असतील तर वेटिंगवर कितवा नंबर आहे ते कळवा आणि त्या भागातली तुम्हाला खात्रीची वाटणारी दुसरी दोन पाळणाघरं सुचवा, कारण त्या आईची जॉइनिंगची तारीख पुढे सरकत नाही.