गीझर बसवताना या चुका टाळा

नव्या गीझरखाली थेंब थेंब पाणी गळतंय म्हणून कुणी व्हॉल्व्हच्या तोंडावर एम-सील थापून गेला असेल, तर आधी वीज बंद करा आणि तो व्हॉल्व्ह बदलून घ्या.

हे गळणं म्हणजे बिघाड नव्हे. पाणी तापलं की फुगतं. इनलेटच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्नही असतो, त्यामुळे फुगलेलं पाणी मागे लाइनमध्ये जाऊ शकत नाही. ते या बारक्या तोंडातून बाहेर पडतं. तेच बुजवलं तर दाब टाकीत साठत जातो. तोंडाला नळी लावून ती जाळीपर्यंत सोडा, झालं काम. गीझर बंद असतानाही धार लागत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा लाइनलाच दाब जास्त आहे.

दाबाचं गणित ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या टॉवरांत हमखास चुकतं. लोकांना वाटतं, वरच्या मजल्यांना दाब जास्त. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर उलटंच असतं: दर 10 मीटर उतरलं की दाब साधारण 1 बार (बार म्हणजे दाबाचं माप) वाढतो. पंचवीस मजली इमारतीत, मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर तिसऱ्या मजल्यावर 6 बारच्या वर जातो. (अगदी वरच्यांना बूस्टर पंप असतो, त्यांचं वेगळं.) म्हणून 8 बार दाब सोसणाराच गीझर घ्या. इथे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) असतात. पंधरा लिटरच्या गीझरमध्ये नुसतं पाणीच 15 किलो. स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात त्या साध्या प्लास्टिकच्या प्लगवर टांगलात तर भिंतीचा भुगा होऊन स्क्रू ढिले पडतात. अशा ब्लॉकसाठीचेच फास्टनर मागा.

नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको घरांत दुखणं वायरिंगचं. 2000 वॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर खेचतो. 6 अँपिअरच्या सॉकेटवर तो लावणं म्हणजे प्लग वितळायची वाट बघणं. 16 अँपिअरचा पॉइंट, बोर्डापासून स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. गीझर लावताच आरसीसीबी पडत असेल तर बहुधा एलिमेंटमधून (पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून) करंट गळतोय. ‘आरसीसीबी बायपास करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

गॅस गीझर बंद बाथरूममध्ये नकोच. त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि जोडल्या जोडल्या बटण दाबू नका. गरम पाण्याचा नळ सोडा, फुरफुर थांबून सलग धार आली की मगच चालू करा. रिकाम्या टाकीत एलिमेंट जळतं.